कुलाब्याची वेधशाळा : ताऱ्यांपासून पावसापर्यंत

पावसाळा लांबला की आपला पहिला राग निघतो तो वेधशाळेवर. "वेधशाळेनं सांगितलं चार दिवसांत पाऊस, आणि इथं ढगाचा पत्ता नाही!" हे बोल चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर, शाळेच्या ओसरीवर आपण सर्वांनी ऐकले आहेत. कदाचित स्वतः काढलेही आहेत. पण 'वेधशाळा' या शब्दापाशी जरा थांबा. वेध घ्यायचे ते ग्रहांचे, ताऱ्यांचे. सवाई जयसिंगाने जयपूरला आणि उज्जैनला वेधशाळा बांधल्या त्या आकाशातील ज्योती पाहण्यासाठी. पावसाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मग पाऊस सांगणाऱ्या कचेरीला आपण वेधशाळा का म्हणतो?

कारण ती कचेरी खरोखरच ताऱ्यांसाठी उभी राहिली होती. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा आहे. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. त्या वेळी कुलाबा हे मुंबईपासून तुटलेले बेट होते. त्याला जोडणारा बंधाऱ्याचा रस्ता पुढे १८३८ साली झाला. बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या नजरेसमोर आणि शहराच्या गजबजाटापासून दूर, अशी ही जागा.

कंपनीला ताऱ्यांचे एवढे प्रेम का वाटावे? प्रेम ताऱ्यांचे नव्हते, जहाजांचे होते. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे खलाशाला घड्याळावरून कळते. पृथ्वी चोवीस तासांत तीनशेसाठ अंश फिरते, म्हणजे एक अंशाला चार मिनिटे. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे त्र्याहत्तर अंशांवर आहे, म्हणून मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे. (शिक्षक बंधुभगिनींनी हा गुणाकार वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा.) जहाजावरचे घड्याळ काही मिनिटे जरी चुकले तरी गलबत खडकावर जायचे. तेव्हा बंदरात घड्याळ जुळवून घ्यायला खात्रीची वेळ हवी. आणि खात्रीची वेळ त्या काळी एकाच ठिकाणी मिळे. अमुक तारा बरोबर डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर केव्हा आला, हे दुर्बिणीतून पाहायचे आणि त्यावरून घड्याळ लावायचे.

म्हणजे सुरुवातीला वेधशाळेत खाते असे एकच : तारे आणि वेळ. तेही धड चालले नाही. जॉन कर्निन नावाच्या ज्योतिर्विदाला कंपनीने नेमले, पण विलायतेहून आलेली उपकरणे सदोष आहेत असे तो म्हणू लागला. कंपनीशी त्याचा खटका उडाला आणि १८२८ साली त्याला काढून टाकण्यात आले. इमारत उभी होती, काम मात्र थंडावले.

तिच्यात जीव आला तो दुसऱ्याच कारणाने. जर्मनीत गटिंगेन येथे गाउस या थोर गणितज्ञाने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास मांडला होता. होकायंत्राची सुई स्थिर दिसते खरी, पण ती स्थिर नसते. दिवसभरात ती अगदी थोडी इकडची तिकडे होते; कधी कधी तर अकस्मात थरथरू लागते. हे का होते ते समजायचे असेल तर जगात पुष्कळ ठिकाणी एकाच वेळी सुया वाचल्या पाहिजेत. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने ही कल्पना उचलून धरली, कंपनीने होकार दिला, आणि १८४१ पासून कुलाब्याला चुंबकाच्या आणि त्याबरोबरच हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. ही दोन खाती आली ती पाहुण्यासारखी, ताऱ्यांच्या घरात एका बाजूला.

त्या वेळी वेधशाळेची व्यवस्था एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे होती. त्यांच्या गैरहजेरीत काही काळ ती पाहिली बाळशास्त्री जांभेकरांनी. होय, तेच 'दर्पण'कार बाळशास्त्री. पुढे डॉक्टर ब्यूस्ट हे 'बॉम्बे टाइम्स'चे संपादकही वेधशाळेवर होते. वर्तमानपत्रवाल्यांना आपण बातमीच्या मागे धावणारे म्हणतो. येथे दोघे संपादक सुईच्या हालचालीवर नजर ठेवून होते, ही गंमतच म्हणायची.

ऑर्लेबारांनी एका पोरसवदा मुलाला मदतनीस म्हणून घेतले. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. आपण त्यांना केरूनाना छत्रे म्हणून ओळखतो. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू ते हेच. कुलाब्याला सुमारे दहा वर्षे त्यांनी वेध घेतले, आकडे मांडले, हिशेब केले. नंतर ते पुण्याला गेले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला, आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. जुन्या पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण जुळत नाही, हे सांगण्याचे धाडस डोळ्याने आकाश पाहिलेल्या माणसालाच होते. माझ्या मते कुलाब्यातील ज्योतिष खात्याचे सर्वांत मोठे फळ कुलाब्याला नव्हे, पुण्याला पिकले.

आता चुंबकाचे काम कसे चाले ते सांगतो. एका अंधाऱ्या खोलीत चुंबक तारेने टांगलेला असे. डब्लिन शहरातील ग्रब या कारागिराने ही उपकरणे बनवली होती. चुंबक किंचित हलला तरी दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा बदललेला दिसे. मदतनीसाने दर तासाला जायचे, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा. दिवसा तसेच रात्रीही. सुई बेचैन दिसली तर तास संपण्याची वाट न पाहता दर काही मिनिटांनी वाचायची. खिशात किल्ल्यांचा जुडगा किंवा चाकू घेऊन जायची सोय नाही. लोखंड जवळ आले की आकडा बिघडला! या मदतनीसांची नावे सहसा कोणी घेत नाही. अहवालावर नाव असे साहेबाचे, आकडे असत यांच्या हातचे.

या हातांनी काय केले ते पाहा. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदाला सूर्यावर एकाएकी लखलखाट दिसला. अठरा तासही झाले नसतील, तोच पृथ्वीभोवती प्रचंड चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. २ सप्टेंबरला दुपारच्या आधी कुलाब्याची सुईसुद्धा चळली. नोंद घेणारा माणूस जागेवर होता. त्याने आकडे लिहून ठेवले. एऱ्हवी दिवसभरात चुंबकीय बलात जो चढउतार होई तो चाळीस-पन्नास एककांचा. त्या दिवशी ते सुमारे १६०० एककांनी घसरले. हे एकक म्हणजे नॅनोटेस्ला. वादळ ओसरले, वही कपाटात गेली. २००३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरून त्या वादळाचे माप काढले. आज आकाशात उपग्रह आहेत, गावोगाव विजेच्या तारा आहेत. तसले वादळ पुन्हा आले तर काय होईल याचा अंदाज बांधताना दीडशे वर्षांपूर्वीची कुलाब्याची वही उघडावी लागते.

१८६५ साली चार्ल्स चेंबर्स वेधशाळेचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत घराची आतली रचना पालटली. चुंबकावर इवलासा आरसा बसवायचा, त्यावर दिव्याचा किरण सोडायचा, आणि तो किरण घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पाडायचा. सुई स्वतःची रेघ स्वतःच ओढू लागली. रात्रीची जागरणे संपली. पण काम घटले असे समजू नका. ते दुर्बिणीपासून टेबलाकडे सरकले. कागदावरची वेडीवाकडी रेघ मोजून तिचे आकडे करणारे, बेरजा-सरासऱ्या काढणारे लोक लागले. वेध घेणाऱ्यांच्या शाळेत हिशेब करणारे वाढले.

आणि तारे? त्यांच्या वाट्याला आता घड्याळ लावण्यापुरतेच काम उरले होते. १८८८ साली पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंहजी वेधशाळा निघाली, प्राध्यापक नायगमवाला यांनी तेथे वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण उभारली, तेव्हा आकाशाचा खरा अभ्यास तिकडे गेला. तीही वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि दुर्बिणी कोडाईकनालला रवाना झाल्या. कुलाब्याचे म्हणाल तर १८९९ साली ती वेधशाळा मुंबई सरकारकडून हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याच्या ताब्यात गेली. घराचा मालकच हवामानवाला झाला म्हटल्यावर ताऱ्यांची खोली कोण झाडणार? नाव मात्र वेधशाळाच राहिले, आणि लोकांच्या तोंडी ते हवामानाला चिकटले.

याच सुमारास, १८९८-९९ साली, भूकंपमापक यंत्र बसले आणि आणखी एक खाते जन्माला आले. भूकंपयंत्राची रेघ भूकंप नसतानाही बारीक थरथरते. पुढे सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी या थरथरीचा समुद्रातील वादळाशी आणि पावसाळी हवेशी असलेला संबंध अभ्यासला. पाहा, खाती वेगळी केली तरी निसर्गाला त्या भिंती ठाऊक नसतात!

चुंबकाच्या खात्यावर मात्र संकट आले ते शहराकडून. १८९६ साली नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे प्रमुख झाले. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार अशी योजना होती. ट्रामला दिलेली वीज रुळांतून परत जाते, आणि थोडी जमिनीत झिरपते. प्रत्येक गाडी सुटताना आणि थांबताना सुई हलणार. सूर्याची चाहूल घेणारी ती सुई ट्रामचे वेळापत्रक लिहीत बसणार! शहराला ट्राम हवी होती, आणि त्यात शहराचे काही चुकलेही नाही. पण मग जवळजवळ साठ वर्षांची ती अखंड नोंद?

मूस यांनी जागा शोधली ती समुद्रापलीकडे, अलिबागला. तेव्हा त्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. १९८१ साली तो रायगड झाला. म्हणून कागदपत्रांत मुंबईचा कुलाबा आणि अलिबागचा कुलाबा असा घोटाळा होतो, तो वाचणाऱ्याने जपून सोडवावा. इमारतीसाठी चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड पारखून आणला, आणि लोखंडाला थारा दिला नाही. सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढची. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाब्याला आणि अलिबागला दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत फरक किती, हे त्यामुळे कळले, आणि जुनी नोंद नव्या नोंदीला गाठ मारून जोडता आली. जुन्या मापाने धान्य मोजणारा शेतकरी नवे माप आले की दोन्ही मापांनी एकदा मोजून पाहतो, तसेच हे. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा सुया सुखरूप खाडीपार गेल्या होत्या. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे मूस यांनी १९१० साली दोन भागांत छापून काढले. ते आजही वापरात आहेत.

वेळेचे खाते हळूहळू विझले. बंदरातल्या जहाजांना खुणेचा गोळा पाडून वेळ दाखवायची पद्धत बिनतारी संदेश आल्यावर मागे पडली. देशाची प्रमाण वेळ आता नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ठेवते, तीही ताऱ्यांवरून नव्हे, अणूंच्या घड्याळावरून.

१९७१ साली चुंबकाचे खाते हवामानापासून निराळे झाले आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था निघाली. अलिबागची वेधशाळा तिच्याकडे गेली. हवामान कुलाब्यालाच राहिले. ट्राम मुंबईतून १९६४ सालीच गेली, पण अलिबागच्या सुया काही परत आल्या नाहीत. तिथे त्या अजून लिहीत आहेत. आणि कुलाब्यालाही रोज सकाळी पाऊस मोजला जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याच्या मापात पडला तो अवघा ७३. एकाच शहरातले हे दोन आकडे. म्हणून तुमच्या शिवारात ढग आला नाही तर वेधशाळेला बोल लावण्याआधी, तुमच्या गावात पर्जन्यमापक आहे का, आणि ते रोज सकाळी कोण वाचतो, हे एकदा शाळेत विचारून पाहा.