तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराचे नाटक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतर पाचच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, याच शहरात बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. व्याख्यान आणि संगीत नाटक ही पुण्याची दोन व्यसने अशी जवळपास समवयस्क आहेत. आज मला दुसऱ्या व्यसनाविषयी बोलायचे आहे, आणि तेही त्याच्या एकाच बाजूविषयी. रंगभूमीवर जे घडते ते टिकवून ठेवायचे म्हटले, तर आपण नेमके काय टिकवतो?

मी गवई नाही, नाटकवाला नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेले; जे थोडेबहुत वाचले ते फावल्या वेळात. तेव्हा काही चुकले तर आपण सांभाळून घ्यावे.

अण्णासाहेब सरकारी कचेरीत नोकरी करीत. पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांच्या मनात मराठी संगीत नाटकाची कल्पना आली, अशी हकीकत सांगतात. विष्णुदास भाव्यांच्या परंपरेत पात्रांची पदे सूत्रधार म्हणत असे. किर्लोस्करांनी ज्याचे पद त्याच्याच तोंडी दिले. बदल दिसायला लहान, पण त्याने नाटकाचा सारा भार गाणाऱ्या नटाच्या गळ्यावर आला. १८८२ साली ‘सौभद्र’ आले आणि लोक वेडे झाले.

याच्या साधारण अर्धशतक आधी इटलीत असाच प्रकार चालला होता. रोसिनी, बेल्लिनी आणि दोनिझेत्ती या तिघांच्या ऑपेरांना ‘बेल कांतो’, म्हणजे सुंदर गायन, या नावाने ओळखतात. त्यांत हसवणारे खेळ होते, जसे रोसिनीचे ‘सेव्हिलचा न्हावी’ (१८१६) किंवा दोनिझेत्तीचे ‘दोन पास्क्वाले’ (१८४३). आणि रडवणारेही होते, जसे बेल्लिनीचे ‘नॉर्मा’ (१८३१). तेथेही गायकाच्या ताना-हरकतींवर लोक जीव टाकीत. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या याचे परक्यांना नवल वाटते. पण रोम शहरात एके काळी स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास बंदी होती आणि त्यांची कामे पुरुष गायकच करीत. माणसे सगळीकडे सारखीच.

आता तबकडीकडे येऊ. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचे ग्रामोफोन कंपनीचे गृहस्थ कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला. त्या काळच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. विजेचा मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आला. तोवर गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. ज्या पदाला थिएटरात ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडत, जे पाव-पाव तास रंगे, त्याला तीन मिनिटांत उरकणे भाग पडले. त्या तीन मिनिटांनीच नाट्यगीत घरोघर पोचले, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना तिकीट परवडत नव्हते त्यांनाही चहाच्या दुकानात उभे राहून ते ऐकता आले. हा उपकार लहान नव्हे.

पण तबकडीत फक्त पद आले. नाटक बाहेरच राहिले.

याचे उदाहरण म्हणून राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि पुढल्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. आमच्या चाळीत सिंधूची पदे रेडिओवर लागली की माणसे हातातले काम थांबवीत. लहानपणापासून मला त्यांच्या चाली पाठ. माझ्या मनात सिंधू म्हणजे गोडवा, एवढेच समीकरण होते.

तिशी उलटल्यावर एका नाट्यमहोत्सवात मी ते नाटक प्रथमच अथपासून इतिपर्यंत पाहिले, आणि हादरून गेलो. गाणारी बाई घरखर्चासाठी दळण दळते आहे. नवऱ्याची सनद गेली आहे. तान्हे मूल दारूपायी जाते, तीही जाते. आणि मरतानासुद्धा ती नवऱ्याला वाचवू पाहते. ही कथा मला नवी नव्हती. युनियनच्या कामात पगाराच्या संध्याकाळी ज्या घरांत मी जाऊन बसलो, त्यांपैकी कित्येक घरांत ही सिंधू मी पाहिली होती. फक्त ती गात नव्हती. आणि तळीरामाच्या मदिरामंडळावर सारे थिएटर पोट धरून हसत होते. मीही हसलो, आणि पुढच्या अंकात त्या हसण्याची लाज वाटली. गडकऱ्यांना हेच करायचे होते यात मला शंका नाही. विनोद काढून पदे ठेवली तर प्रेक्षकाला ही लाज कधी वाटणारच नाही.

हलक्याफुलक्या नाटकांचे तर याहून अधिक नुकसान झाले. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली संगीतरूपात आले. त्याचे मूळ मोलिएरचे, ते मर्फी नावाच्या आयरिश लेखकाच्या हातून आपल्याकडे आले. फाल्गुनरावाचा संशय, कृत्तिकेचा संताप, भादव्याची बडबड, हे सारे गद्यात. ते तबकडीवर कसे यावे? अश्विनशेठ-रेवतीची पदे राहिली आणि फाल्गुनराव मात्र ज्यांनी पाहिला त्यांच्यापुरता उरला.

प्रयोगच टिपण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ सालच्या ‘साध्वी मीराबाई’त बालगंधर्वांचे नाटकच कॅमेऱ्यापुढे उभे केले गेले, पण रात्रीच्या थिएटरातील ऊब त्यात उतरली नाही. पुढे १९७२ साली मुंबईस दूरदर्शन केंद्र आले आणि संगीत नाटके पडद्यावर दिसू लागली. पण तेथेही वेळेची कात्री होतीच.

इटालियनांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडेही तबकड्यांवर गाजलेली गाणी राहिली आणि अनेक ऑपेरा विस्मृतीत गेले. १९५७ साली मिलानमध्ये मारिया कॅलासने दोनिझेत्तीचे विसरलेले ‘आना बोलेना’ गाजवले. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. पुढे १९८० पासून रोसिनीच्या जन्मगावी, पेझारोला, दर उन्हाळ्यात महोत्सव भरू लागला. त्याचे ‘रेंसचा प्रवास’ (१८२५) हे विनोदी ऑपेरा मोडीतच निघाले होते; त्यातले बरेचसे संगीत रोसिनीने स्वतःच दुसऱ्या ऑपेरात वापरून टाकले होते. अभ्यासकांनी निरनिराळ्या ग्रंथालयांतून त्याचे कागद जुळवले, १९८४ साली पेझारोला त्याचा प्रयोग झाला आणि त्याचे ध्वनिमुद्रण जगभर गेले. संशोधक, महोत्सव आणि ध्वनिमुद्रण या तिघांनी हातात हात घातला म्हणून हे साधले.

आपल्याकडे यांपैकी काय नाही? १८९४ पासून चालत आलेले भरत नाट्य मंदिर पुण्यात आहे, १९६८ साली उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर आहे, संगीत नाटकांचे महोत्सव होतात, आणि चित्रीकरण तर आता खिशातल्या यंत्रावरही होते. तरी महोत्सवात चित्रीकरण करणारी मंडळी पद आले की सरसावतात आणि संवाद सुरू झाला की यंत्र खाली ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तबकडी गेली, पण तिची सवय राहिली.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. महोत्सवातील प्रयोगाचे चित्रीकरण नांदीपासून भरतवाक्यापर्यंत व्हावे, गद्यासकट आणि प्रेक्षकांच्या हशासकट. त्याची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात राहावी, म्हणजे ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत तोही ते पाहील. आणि तिसरे मागणे माझ्या धंद्याला धरून आहे. बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर थिरकवाँखाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांचा शालू नेसवणारा, पडदा ओढणारा, दिवे सांभाळणारा कोण होता हे किती जणांना सांगता येईल? आजच्या चित्रीकरणात तरी त्या माणसांची नावे यावीत, आणि ते चित्रीकरण विकले गेले तर मोबदल्याचा वाटा त्यांनाही मिळावा. नाटक मंडळी एका पंगतीत जेवत असत. चित्रीकरणाच्या वेळी ती पंगत मोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.