द्यूतकारांची बोली आणि जुन्या ग्रंथांचे अर्थ

जुनीं हस्तलिखितें चाळीत असतां वैद्यकाचा, ज्योतिषाचा किंवा जमाखर्चाचा एखादा पारिभाषिक शब्द अडला, तर कोश, टीका किंवा त्या धंद्यांतील एखादा जाणता गृहस्थ साह्यास येतो. जुगाऱ्याचा शब्द अडला तर कोणीच येत नाहीं. द्यूत हें व्यसन. व्यसनी लोकांची बोली ती काय टिपून ठेवावयाची, अशी समजूत आपल्या पंडितांत दीर्घकाळ चालत आली. लेखकूंनीं असे शब्द भ्रष्ट केले, टीकाकारांनीं आपल्या काळच्या खेळाचे अर्थ जुन्या खेळावर लादले, आणि संग्राहकांनींहि तीं पानें बाजूस सारलीं. परदेशांत अशी उपेक्षा झालेली दिसत नाहीं. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ फैलावला, त्या बैठकींतला 'ब्लफ' हा शब्द पुढें मुत्सद्द्यांच्या तोंडीं बसला, आणि तिकडील कोशकारांनीं अशा शब्दांच्या वंशावळी कसोशीनें लावल्या. आपल्याकडे या जातीची सामग्री ऋग्वेदापासून आहे. ती जमेस धरल्यावांचून कित्येक मान्य ग्रंथांचे अर्थ लागत नाहींत, व लागले असें जेथें वाटतें तेथेंहि ते पुष्कळदां चुकीचे लागलेले असतात, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम 'अक्ष' हाच शब्द घेऊं. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें ठिपक्यांचा लांबट फासा उभा राहतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील ३४ व्या सूक्तांत ज्या अक्षांनीं जुगारी नागवला जातो ते मात्र असे नव्हेत. तीं विभीतकाचीं, म्हणजे आपल्या बेहड्याचीं, फळें होत. अमरकोशांत बेहड्याच्या नांवांत 'अक्ष' आहे, 'कर्षफल' आहे, आणि 'कलिद्रुम' हेंहि आहे. या फळांवर ठिपके नसतात. मग दान मोजावयाचें कसें? हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन पंडितानें १९०७ सालीं प्राचीन भारतीय द्यूतावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत याचा उलगडा आहे. हातीं आलेल्या फळांची संख्या चारांनीं भागावयाची. बाकी कांहींच न उरली तर कृत, तीन उरलीं तर त्रेता, दोन उरलीं तर द्वापर, एक उरलें तर कलि. खेळाच्या तपशिलाविषयीं पुढें मतभेद झाले. त्या सूक्तांतील 'त्रिपञ्चाश' या शब्दानें त्रेपन्न अक्ष घ्यावे कीं दीडशें, हाहि वाद झाला. चारांचा हिशेब मात्र टिकून राहिला.

हा हिशेब ध्यानांत घेतला कीं नलोपाख्यानांतील एक कोडें आपोआप सुटतें. राजा ऋतुपर्ण रथांतून जात असतां वाटेंतील बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि दोन फांद्यांवरील पानें व फळें किती तें सांगतो; फळांचा आंकडा तो २०९५ देतो. सारथ्याच्या वेषांतील नल रथ थांबवून मोजून पाहतो, तों आंकडा बरोबर! तेव्हां ऋतुपर्ण सांगतो कीं, आपणांस अक्षहृदय अवगत आहे, म्हणून गणनाहि अवगत आहे. ठिपक्यांचे फासे मनांत धरून वाचणाऱ्यास येथें अडखळल्याखेरीज राहवत नाहीं. झाडाचीं पानें मोजण्याचा आणि फासे टाकण्याचा संबंध तो काय? कोणी त्यास कवीची अतिशयोक्ति म्हणतात, कोणी गूढ विद्या म्हणून हात टेकतात. परंतु मूठभर फळें पडतांच त्यांची संख्या क्षणांत ओळखणें हेंच जेथें खेळाचें सारें कसब, तेथें झाडाकडे पाहून फळें मोजणारा हा पहिल्या प्रतीचा द्यूतकार ठरतो. ती विद्या मिळतांच नलाच्या देहांतून कलि बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यांत शिरतो, हेंहि मग यथास्थित जुळतें. एक उरल्याचें अशुभ दान आपल्या मूळच्या झाडावर परत गेलें. (२०९५ यांस चारांनीं भागिल्यास तीन उरतात. यावरून कांहीं अनुमान काढण्याचा मोह आम्ही आवरतों.) ज्यांच्या संग्रहांत या आख्यानाच्या पोथ्या असतील त्यांनीं या ठिकाणच्या संख्यांचे पाठ अवश्य टिपावे. हे आंकडे शोभेकरितां आलेले नाहींत. कथेचें मर्म त्यांतच आहे.

कृत, त्रेता, द्वापर, कलि हीं नांवें युगांचीं म्हणून घरोघर माहीत आहेत. युगांवरून दानांस नांवें मिळालीं कीं दानांवरून युगांस? श्रद्धाळू वाचकास पहिला पक्ष रुचेल. आमच्या मतें दुसराच खरा. युगांचीं वर्षें ४८००, ३६००, २४००, १२०० अशीं दिलेलीं आहेत, म्हणजे चार, तीन, दोन, एक हेंच प्रमाण. त्रेता या नांवांत तीन व द्वापर या नांवांत दोन उघड दिसतात. परंतु कालक्रमानें त्रेता हें दुसरें युग आणि द्वापर तिसरें. कालगणनेसाठींच हीं नांवें प्रथम घडलीं असतीं तर दुसऱ्यास तिहींचें व तिसऱ्यास दोहोंचें नांव कोण देता? छांदोग्य उपनिषदांत रैक्वाची थोरवी सांगतांना, जिंकणाऱ्या कृताकडे खालचीं दानें जशीं जाऊन मिळतात तशीं सर्वांचीं पुण्यें रैक्वाकडे जातात, असा दृष्टांत आहे. तेथें युगाचा अर्थ घेतांच येत नाहीं. शंकराचार्यांनीं भाष्यांत तें स्थळ द्यूतपरच लाविलें आहे. मात्र चार अंकांचा, तीन अंकांचा असा जो खुलासा ते करितात तो अंक कोरलेल्या फाशाचा आहे. आचार्यांच्या काळीं बेहड्याचा खेळ मागें पडला असावा. ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाच्या कथेंत निजलेला कलि, उठणारा द्वापर, उभा राहणारा त्रेता आणि चालणारा कृत असें जें वर्णन आहे, त्याचाहि या दृष्टीनें पुनर्विचार व्हावा.

हीं झालीं दानांचीं नांवें. खेळणाऱ्यांस एकमेकांनीं ठेवलेलीं नांवें याहून मौजेचीं आहेत, आणि तीं सांपडतात ती जागाहि मौजेची आहे. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायांत पुरुषमेधाची यादी आहे. तींत अक्षराज, कृत, त्रेता, द्वापर व आस्कंद यांस एकेक जातीचा खेळाडू नेमून दिला आहे. येथें कलीच्या जागीं आस्कंद आहे. कृताच्या वांट्यास 'आदिनवदर्श' येतो, म्हणजे दुसऱ्याचें वैगुण्य न्याहाळीत बसणारा. आणि आस्कंदाच्या वांट्यास 'सभास्थाणु', म्हणजे द्यूतसभेंतला खांब. सगळे उठून गेले तरी जो हलत नाहीं, त्यास हें नांव. अड्ड्यावरील थट्टेचा शब्द संहितेंत जाऊन बसला, आणि तेथें असल्यामुळेंच अक्षरशः टिकला. पाठ करणाऱ्यांनीं त्याची एक मात्रा ढळूं दिली नाहीं. हाच शब्द एखाद्या लौकिक बाडांत असता तर लेखकूनें त्याचें काय केलें असतें याची कल्पना संग्राहकांस सहज येईल.

यास्कानें निरुक्तांत 'कितव' शब्दाची उपपत्ति सांगतांना, 'तुझ्यापाशीं काय आहे?' या अर्थाच्या खेळाडूंच्या आरोळीचें तें अनुकरण असें म्हटलें आहे. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस ती उतरेल असें वाटत नाहीं. परंतु पणाला लावण्यास काय उरलें आहे असें ओरडून विचारण्याची चाल यास्काच्या कानांवर होती, एवढें तरी तींतून दिसतें. जुगाऱ्यास 'श्वघ्नी' असेंहि नांव वेदांत आहे. यास्क त्यांत 'स्व' म्हणजे धन पाहतो. शब्द मात्र सरळ 'कुत्रा मारणारा' असा दिसतो. रोमन लोकांत वाईट दानास कुत्रा म्हणत असत, त्याच्याशीं कित्येकांनीं हा शब्द ताडून पाहिला आहे. हॅरी फाल्क यांनीं १९८६ सालच्या आपल्या ग्रंथांत द्यूताचा संबंध व्रात्यांच्या टोळ्यांशीं जोडला आहे.

पाणिनि हा तर या बोलीचा मोठाच साक्षीदार. अष्टाध्यायीच्या २.१.१० या सूत्रानें 'अक्षपरि', 'शलाकापरि', 'एकपरि', 'द्विपरि' असे शब्द सिद्ध होतात. काशिकाकार सांगतात कीं, पंचिका नांवाचें द्यूत पांच अक्षांनीं किंवा पांच शलाकांनीं खेळत. पांचहि सारखे, उताणे वा पालथे, पडले तर टाकणारा जिंके, एरवीं हरे. म्हणून एक अक्ष फिरल्यानें डाव गेला तर 'एकपरि', दोहोंमुळें गेला तर 'द्विपरि', आणि फार तर 'चतुष्परि'. हरलेला गडी उठतांना जें पुटपुटे त्यासाठीं वैयाकरणानें एक सूत्र खर्ची घातलें! अन्यत्र (५.२.९) सोंगटीस 'अयानयीन' हें विशेषण येतें, सोंगट्यांच्या उजव्याडाव्या चालीचा हा उल्लेख बराच जुना आहे. द्यूतापायीं जडलेल्या वैरास 'आक्षद्यूतिक' असा तयार शब्द होता (४.४.१९), यावरून तें वैर किती नित्याचें असेल तें दिसतें.

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत ही बोली प्रत्यक्ष चालतांना ऐकूं येते. दहा सुवर्ण हरलेला संवाहक सभिकाच्या हातून निसटतो, उलट्या पावलांनीं ओसाड देवळांत शिरतो आणि मूर्ति होऊन उभा राहतो. शोधणारे तेथेंच खेळावयास बसतात, आणि अक्षांचा आवाज कानीं पडतांच ह्या मूर्तीचा धीर सुटतो. पुढें त्यास द्यूतकारांच्या मंडलानें 'बांधलें' जातें. दोरी नाहीं कीं बेडी नाहीं. पण तें बंधन जुगाऱ्यास ओलांडतां येत नाहीं. या अंकांत 'गर्दभी', 'शक्ति', 'नर्दित', 'कट', 'पावर' अशीं दानांचीं नांवें श्लेषानें आलेलीं आहेत. संवाहक म्हणतो गर्दभीनें मला लाथाडलें. ती गाढवी नव्हे, तें दान आहे हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचा अर्धा विनोद बुडाला. टीकाकारांनीं त्रेता म्हणजे तीया, पावर म्हणजे दुआ असे देशी शब्द देऊन वाट दाखविली आहे. संस्कृत टीकेंतील असल्या देशी शब्दांकडे आपले अभ्यासक अजून पुरेसें लक्ष देत नाहींत.

सभिक म्हणजे अड्डा चालविणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूत एका ठिकाणींच व्हावें, दुसरीकडे खेळणारास बारा पण दंड करावा, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून अध्यक्षानें शेंकडा पांच घ्यावे असें आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांस हस्तलिखितांत मिळाला व १९०९ सालीं छापून निघाला, हें वाचकांस विदित आहेच. याज्ञवल्क्यस्मृतींत सभिकाचा वांटा शेंकडा पांच व शेंकडा दहा असा दुहेरी येतो. मिताक्षरेप्रमाणें शंभर किंवा अधिक जिंकणाऱ्याकडून पांच, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून दहा. उत्तरेकडील अड्ड्यांवर या वांट्यास 'नाल' म्हणतात, पोकरवाले 'रेक' म्हणतात. शब्द बदलले, हात तोच राहिला.

मिताक्षरा लिहिली गेली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत. त्याच राजकुळांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (सुमारें ११३०) पाशकक्रीडा आणि वराटिकाक्रीडा, म्हणजे फाशांचा व कवड्यांचा खेळ, यांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. तो भाग बडोद्याहून १९६१ सालीं छापला गेला. मराठींत या विषयाचा महत्त्वाचा जुना साक्षीदार म्हणजे लीळाचरित्र. त्याच्या एकांकांत हरिपाळदेव जुव्यांत हरतो, पत्नीकडे अलंकार मागतो, ती नाकारते, आणि त्या विषादांतून तो घर सोडतो. महानुभावांच्या चरित्रपरंपरेचा आरंभ एका हरलेल्या डावापाशीं आहे. सकळ लिपींत कोंडलेलें हें वाङ्मय राजवाडे व भावे यांच्या खटपटीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं उघड झालें. त्या प्रसंगांतील द्यूतविषयक शब्दांचे पाठ मात्र निरनिराळ्या पोथ्यांवरून अजून एकत्र ताडून पाहावयास हवेत.

बोलींत उरलेला एकच शब्द येथें घेतों. तीन फाशांवर एक, सहा, सहा असें पडलें म्हणजे पौ आणि बारा. हिंदींत 'पौ बारह' होणें म्हणजे भाग्य उघडणें. मराठींत 'पोबारा करणें' म्हणजे पळून जाणें. दान एकच, परंतु एकीकडे त्याचा लाभ दिसला, दुसरीकडे वेग. मोठ्या दानानें सोंगटी तडक पुढें निघून शत्रूच्या तडाख्यांतून सुटते, त्यावरून आपला अर्थ आला असावा, असा आमचा तर्क आहे. यास जुन्या पत्रांतला किंवा बखरींतला आधार कोणा संग्राहकापाशीं असल्यास तो हवा आहे. विशेषतः दोन्ही अर्थांच्या मधल्या अवस्थेंतला एखादा प्रयोग.

गंजिफांविषयीं स्वतंत्र लिहावें लागेल. तूर्त एवढीच सूचना कीं, सांवतवाडीकडील दशावतारी जोडांत दहा रंगांचीं १२० पानें असतात, आणि अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ तर अर्ध्यांत एक्का वरचढ असा उलटसुलट क्रम असतो. हा क्रम व प्रत्येक पानाचें नांव खेळणाऱ्यांच्याच तोंडून घेऊन जोडाबरोबर लिहून ठेवावें. रंग उडालेल्या पानावरून अवतार ओळखतां येतो. खेळणारे त्यास काय म्हणत तें ओळखतां येत नाहीं.