फिनटेकची मास्टर्स डिग्री: शिकवतात काय आणि मार्क कशाचे देतात?

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर कुणी शहाळं घेतलं, क्यूआर कोड स्कॅन केला, खात्यातून पैसे गेले, पण शहाळेवाल्याकडे पोचलेच नाहीत. मग ते अडकले कुठे? परत कधी येणार? आणि असे रोजचे हजारो फसलेले व्यवहार शोधून काढणारा प्रोग्राम लिहायचा कसा? पहिला प्रश्न बँकिंगचा, दुसरा नियमांचा, तिसरा कोडिंगचा. तिन्हींची उत्तरं एकाच माणसाला देता यावीत, यासाठी फिनटेक म्हणजे वित्त-तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी असते.

दुसऱ्याच प्रश्नाचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर मुदत ५ दिवसांची. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे शहाळेवाल्याचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा की व्यापारी खात्याचा, यावर उत्तर बदलतं. चांगल्या कोर्समध्ये पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा अशा प्रश्नाला मार्क असतात.

वेळणेश्वरचा संबंध फक्त शहाळ्यापुरता नाही. गुहागर तालुक्यातल्या या गावात ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून आहे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अशा कॉलेजातून बीई होऊन फिनटेककडे वळणाऱ्यांना कोडिंग जड जात नाही, पण ताळेबंद वाचायची सवय नसते. बीकॉमवाल्यांचं नेमकं उलट. म्हणून सुरुवातीला दोघांना एका पातळीवर आणण्याचे विषय असतात: एकाला वित्त आणि लेखाशास्त्र, दुसऱ्याला पायथन आणि डेटाबेस. पुढे पेमेंट यंत्रणा, कर्जातली जोखीम, ब्लॉकचेन, सायबर सुरक्षा आणि नियमन. नियमन हा विषय बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो आणि नोकरीत तोच सगळ्यात जास्त लागतो.

वेळेची विभागणी कशी? नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने आखलेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर आराखड्यात दर सत्राला २२, असे एकूण ८८ क्रेडिट आहेत. त्यातले ४ प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मिळवायचे आणि १० संशोधन प्रकल्पातून. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल तर ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका मिळते. हा आराखडा एमएस्सी, एमकॉमसारख्या पदव्यांचा. एमबीए आणि एमटेकची रचना वेगळी. ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा एका वर्षाची आणि १८० क्रेडिटची असते, त्यातले साधारण ६० शेवटच्या प्रबंधाला.

खरी परीक्षा होते ती वर्षभराच्या असाइनमेंटमध्ये. एक नेहमीचं काम: जुन्या कर्जदारांची माहिती देतात आणि कोण कर्ज बुडवेल हे सांगणारं मॉडेल बनवायला सांगतात. समजा १०० पैकी ९५ जणांनी कर्ज फेडलंय. एखाद्याचं मॉडेल सगळ्यांनाच ‘फेडेल’ म्हणालं, तर ते ९५ टक्के अचूक ठरतं आणि तरी बिनकामाचं, कारण बुडवणारा एकही त्याला सापडला नाही. नुसती अचूकता लिहून अहवाल देणारा विद्यार्थी इथेच मार्क घालवतो.

कोकणात हा प्रश्न आणखी अवघड होतो. हापूसच्या बागायतदाराचे पैसे हंगामात येतात, मच्छीमाराची कमाई पावसाळ्यातल्या बंदीत थांबते. दर महिन्याला पगार जमा होणाऱ्या खात्यांवर शिकवलेलं मॉडेल अशा माणसाला ‘धोकादायक’ ठरवू शकतं. मॉडेलने कुणाला नाकारलं आणि का, हे तोंडी परीक्षेत समजावून सांगता आलं पाहिजे. कोड एआयकडून लिहून घेणं सोपं झाल्यापासून तर या तोंडी परीक्षेचं वजन वाढायलाच हवं. गटाने करायच्या प्रकल्पात चौघांतले दोघं काम करतात आणि मार्क चौघांना मिळतात, ही तक्रार जुनी आहे; त्यावर काही ठिकाणी सहकाऱ्यांनी एकमेकांना मार्क द्यायची पद्धत असते.

सर्टिफिकेट परीक्षा हा वेगळा प्रकार. सेबीने स्थापन केलेल्या, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला कॅम्पस असलेल्या एनआयएसएम संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची परीक्षा १०० बहुपर्यायी प्रश्नांची असते, वेळ २ तास, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ब्रोकरकडच्या अनेक कामांसाठी अशी सर्टिफिकेट लागतात, पण त्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही.

प्रवेश घेण्याआधी माहितीपुस्तिकेतली सॉफ्टवेअरची यादी नंतर वाचली तरी चालते. आधी मूल्यमापनाचा तक्ता मागून घ्यावा: लेखी परीक्षेला किती टक्के, प्रकल्पाला किती, तोंडी आहे का, इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की स्वतः शोधायची. ७०–८० टक्के मार्क सत्राअखेरच्या लेखी पेपरला असतील, तर नावात फिनटेक असलं तरी शिकणं जुन्याच पद्धतीचं असण्याची शक्यता जास्त. पदवी देणारं विद्यापीठ कोणतं, हेही त्याच वेळी विचारावं, कारण जाहिरात करणारी कंपनी आणि पदवी देणारं विद्यापीठ अनेकदा वेगळे असतात. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत तपासता येतं. कोर्स ऑनलाइन असेल तर त्या कोर्सला वेगळी मान्यता लागते, तीही तिथेच दिसते.