बसला, पण चालला नाही

आज विषय जरा वेगळा आहे. मी बी.ए. मराठीचा माणूस, आयुष्य फळ्यासमोर गेलं. पण गेल्या महिन्यात आमच्या सदरमधल्या घरात जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झालं असं की, पुण्याच्या नातवाने त्याचा वापरलेला प्रोसेसर पाठवला. "आजोबा, तुमच्याच सॉकेटचा आहे, काढा आणि बसवा." बसवला. अगदी अलगद बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. रॅम काढून पुसून लावली, वायरी तपासल्या. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि निकाल दिला, "सर, बोर्ड गेला." मीही मान डोलावली. बोर्ड भंगारात द्यायचं ठरलं.

रात्री झोप येईना, म्हणून या सॉकेटांचा इतिहास वाचत बसलो. जुनी सवय!

नव्वदच्या दशकात 'सॉकेट ७' नावाची बैठक होती. इंटेलचा पेन्टियम, एएमडीचा के६, सायरिक्सचे प्रोसेसर, सगळे त्या एका पंगतीत बसत. फक्त प्रत्येकाला लागणारा विद्युतदाब वेगळा, तो बोर्डावरचे जम्पर बदलून जुळवावा लागे. १९९७ साली इंटेलने पेन्टियम २ साठी 'स्लॉट १' आणला आणि पंगत मोडली. १९९९ मध्ये एएमडीने 'स्लॉट ए' काढला. कनेक्टर तसाच, फक्त उलटा फिरवलेला, आणि आतले संकेत निराळे. पुढे इंटेलच्या 'सॉकेट ३७०' मध्ये पिना तेवढ्याच राहिल्या, पण नवे पेन्टियम ३ कित्येक जुन्या बोर्डांवर चालेनात. २०१७ साली पुन्हा तेच. आठव्या पिढीचे प्रोसेसर ११५१ बिंदूंच्याच सॉकेटात बसत, पण त्यांना ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्डच लागे.

एएमडीने 'एएम४' हे सॉकेट बरीच वर्षं टिकवलं. तिथे अडचण बायोसची. बायोस म्हणजे बोर्डावरच्या छोट्या चिपमधली आज्ञावली. कोणते प्रोसेसर ओळखायचे, ते तिला आधी शिकवलेलं असावं लागतं. बऱ्याच बोर्डांवर ही चिप अवघी १६ एमबीची, म्हणून काही उत्पादकांनी नव्या प्रोसेसरना जागा करायला जुन्यांची नावं गाळली.

आम्हा नागपूरकरांना हे नवं नाही. मुंबईकडून ब्रॉडगेज १८६७ साली इथे पोचली. १८८० च्या दशकात छत्तीसगडकडे रेल्वे निघाली ती मीटरगेज. दोन्ही आगगाड्याच, पण एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर चालत नव्हते. माल उतरवा, पुन्हा चढवा. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि १८८८ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला. छिंदवाड्याची छोटी गाडी मात्र अडीच फुटी रुळांवरून २०१५ पर्यंत धावत होती. सदरहून जवळच, मोतीबागच्या संग्रहालयात, नॅरोगेजची इंजिनं उभी आहेत.

सकाळी नातवाचा फोन. "आजोबा, बायोसचं व्हर्जन पाहिलंत का?" जुना प्रोसेसर परत लावला, तर मशीन सुरू! बोर्ड ठणठणीत होता. उत्पादकाच्या यादीत नव्या प्रोसेसरचं नाव होतं, पण पुढच्या बायोससकट. ते पेन ड्राइव्हवर घेतलं, वीज जाऊ नये म्हणून यूपीएसवर मशीन ठेवलं आणि बायोस बदललं. मग नवा प्रोसेसर, ताजी थर्मल पेस्ट. पडदा उजळला.

आनंद झाला, पण लगेच एक मुलगा आठवला. ऐंशीच्या दशकात माझ्या सातवीच्या वर्गात रामटेककडून आला होता. घरी गोंडी बोलत. बाकावर नीट बसे, वही नीट ठेवी, प्रश्न विचारला की नुसता बघत राही. मी भर वर्गात त्याला 'ढ' म्हणालो. दिवाळीनंतर तो आलाच नाही. त्याच्या बोलीतले दहा शब्द शिकून घ्यावेत, असं मला कधी सुचलं नाही. शिकायचं मीच होतं.

असो. कुणी प्रोसेसर बदलणार असाल तर आधी बोर्डाचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहून घ्या, उत्पादकाची यादी पाहा, आणि जुना प्रोसेसर चालू असतानाच बायोस बदला. नवा नीट सुरू होईपर्यंत जुना कुणाला देऊ नका. आणि दुरुस्तीवाला 'बोर्ड गेला' म्हणाला, तरी एक दिवस थांबा.