सॅटेलाइट फोटोवरून जमिनीतला बदल कसा ओळखायचा? लातूर-नांदेडची उदाहरणं

सॅटेलाइटचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो शेजारी लावलेले फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. दोन वर्षांपूर्वी असाच एक प्रताप मी स्वतः केला. किनवटच्या जंगलाचे दोन फोटो घेतले, एक ऑक्टोबरचा हिरवागार, दुसरा पुढच्या मे महिन्यातला तपकिरी. ‘किनवटचं जंगल साफ!’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात नांदेडहून मामांचा फोन: “अरे, सागाची पानं उन्हाळ्यात गळतात. एवढंही शिकवत नाहीत का इंजिनिअरिंगला?” मी पोस्ट काढली, पण तोवर ती आणखी दोन ग्रुपमध्ये गेली होती. एका ठिकाणी तर लोक थेट तिथल्या आदिवासी गावांना दोष देत होते.

म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

आधी दोन शब्द. जमिनीवर प्रत्यक्ष जे दिसतं, म्हणजे पीक, पाणी, झाडं, उघडी माती, ते भू-आच्छादन. माणूस ती जमीन कशासाठी वापरतो, तो भू-वापर. सॅटेलाइटला फक्त पहिलं दिसतं. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, तिला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. फोटोत ते शेत दिसतं, पण ती जमीन धरणाचीच असते.

आता फोटो किती बारीक? युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक गुंठा, आणि एक एकर शेत साधारण ४० पिक्सेल! (हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला फार मजा वाटली होती.) अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, सुमारे ९ गुंठ्यांचा. पण पहिला लँडसॅट १९७२ साली गेला, त्यामुळे जुना काळ बघायचा तर तोच कामाचा.

हिरवळ मोजायला एनडीव्हीआय वापरतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, झालं. समजा निअर-इन्फ्रारेड ०.४० आणि लाल ०.०५, तर उत्तर ०.७८, म्हणजे दाट पीक. काळ्या रानात ते ०.१५ आणि ०.१२ असेल तर उत्तर ०.११. लातूरचं सोयाबीनचं एकच शेत ऑगस्टमध्ये पहिल्या आकड्याजवळ आणि मे महिन्यात दुसऱ्याजवळ जाऊ शकतं. जमीन तीच, मालक तोच, बदल काही नाही.

म्हणून पहिला नियम: त्याच महिन्याचे फोटो जोडा. पण तेवढ्यानंही भागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. त्याच पावसाळ्यात धरणात पुन्हा पाणी आलं. आता एप्रिल २०१६ आणि एप्रिल २०१७ एवढेच दोन फोटो लावले, तर कुणाला वाटेल नवीन तलाव बांधला! त्यामुळे चार-पाच वर्षं तरी ओळीने बघायची.

शहराच्या कडेला वेगळीच अडचण. उन्हाळ्यात उघडी माती आणि बांधकाम कॉम्प्युटरला सारखंच वाटू शकतं, आयत्या नकाशांतही ही चूक सापडते. इथे मात्र ऋतू मदतीला येतो. शेत वर्षभरात रंग बदलतं, घराचं छत बदलत नाही. सप्टेंबरमध्येही जे राखाडीच राहिलं, ते बहुतेक बांधकाम.

करून बघायचं असेल तर मोबाईलवर कोपर्निकस ब्राउझर उघडा, फुकट आहे. गाव शोधा, तारीख निवडा, ढगांचं प्रमाण कमी ठेवा, मग एनडीव्हीआयचा थर लावा. जुन्या तारखेला एल२ए मध्ये फोटो नसेल तर एल१सी निवडा. ऐन पावसाळ्यात ढगच ढग दिसतील. तेव्हा सेंटिनेल-१ चा रडार फोटो घ्या, तो ढगांतूनही बघतो आणि साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. इस्रोच्या भुवन पोर्टलवर भू-वापराचे तयार नकाशेही आहेत, पण ते ठरावीक वर्षांचेच.

किनवटचा तोच तुकडा मी नंतर पाच वर्षांच्या मे महिन्यांत पाहिला. पाचही वर्षी तपकिरीच. तो संच घरच्या ग्रुपवर टाकला, मामांनी बघितला. त्या दुसऱ्या दोन ग्रुपमध्ये मी नाही, त्यामुळे तिथे माझी जुनी पोस्ट अजून तशीच असणार.