उकरलेलं जातं

१९९४च्या जानेवारीत आम्ही चौदा जण ट्रकच्या हौद्यात बसून नगरहून किल्लारीकडे निघालो. सगळी चर्चच्या तरुण संघातली पोरं. माझं वय बावीस. सोबत फावडी, घमेली, दोन पोती बाजरी आणि आमचे पाळक. जामखेड मागं पडेपर्यंत गाणी चालली होती. लातूरच्या पुढं गेल्यावर कुणी गाईना.

भूकंप होऊन तेव्हा तीन-साडेतीन महिने झाले होते. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून दमलेली माणसं झोपली आणि ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं बसली. पुढं बावन्न गावं जागा बदलून नव्यानं वसवावी लागली. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. तिकडच्या भिंती दीड-दोन हात रुंद. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे माती आणि खडी. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर मातीचं माळवद. गळू नये म्हणून त्यावर नवी माती पडत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचं वजन वाढत गेलं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे छातीवर बसलं. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खांब तसेच उभे होते, भिंती तेवढ्या आडव्या.

लोक पत्र्याच्या शेडांत राहत होते. दगडाची अशी दहशत बसलेली, की नवं घर सिमेंटचंच पाहिजे म्हणायचे. वेगवेगळ्या संस्थांनी गावं दत्तक घेतली होती. आम्हाला एका नव्या वसाहतीत पाया खणायला आणि भिंतीला हात लावायला पाठवलं होतं.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं चार थर रचले. मिस्त्री आले, एका वीटेला नख लावून बघितलं आणि म्हणाले, “विटा भिजवल्या न्हाईत व्हय? कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिती. पाडा.” मी म्हटलं, “मिस्त्री, एवढ्यानं काय होतंय?” त्यांनी ओळंबा खिशात घातला. “पुना हलली तर?” एवढंच बोलले. घरातली तीन माणसं त्यांनी गमावली होती, हे मला संध्याकाळी कळलं. मी भिंत पाडली.

दुसऱ्या दिवशी एक आजी कामावर येऊन उभी राहिली.

“कुटलं लोक तुमी?”

“नगरचे, आजी.”

“ते नव्हं. किरिस्ताव का?”

“होय.”

“मग आमाला बाटवायला आलाव काय?”

पाळक नाही म्हणाले. मला मात्र राग आला. तो शब्द मी शाळेपासून ऐकत आलो होतो.

माझे पणजोबा १८७६ ते ७८च्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांचं पोर होते. अमेरिकन मिशनऱ्यांना नगरला येऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्या दुष्काळानंतर गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली. पणजोबांचे आईबाप वाटेतच गेले. मिशननं त्यांना पोसलं, शिकवलं. ते पुढं मिशनच्या शाळेत मास्तर झाले. आजोबा ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. गावातली पोरं मला तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगायची, “भाकरीवर बाटलेले.” ज्या पोराला गाव पाणवठ्यावर उभं करत नव्हतं, त्याच्या हातात कुणीतरी पाटी दिली, हे खरंच आहे. भुकेलं पोर भाकर देणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही, हेही खरंच आहे. किल्लारीला जाईपर्यंत मी यातलं पहिलंच धरून बसलो होतो.

त्या रात्री शेकोटीपाशी आमच्यातच वाद झाला. एकानं वाटायला पुस्तिका आणल्या होत्या. “चांगलंच आहे ना त्यात,” तो म्हणाला. मी पणजोबांची गोष्ट सांगितली. पाळक बराच वेळ काटकीनं निखारे ढकलत बसले. मग म्हणाले, “पुस्तिका ट्रकातच राहू द्या. प्रार्थना आपली आपण करू, पहाटे, गाव उठायच्या आत.”

सकाळी मी आजीच्या शेडशी गेलो. म्हटलं, “आजी, तुमचं काही काम असलं तर सांगा.” तिनं जरा अंदाज घेतला. “माझं जातं काढून देतूस का?”

जुनं गाव दोनेक मैल लांब होतं. आम्ही चौघं गेलो. आजी जिथं दार होतं तिथं उभी राहिली, पण आत आली नाही. तिथूनच हात करून सांगत होती, हितं चूल, हितं उतरंड, त्याच्या डाव्या अंगाला. दुपार टळेपर्यंत उकरलं. जातं निघालं. खुंटा मोडला होता, दगड दोन्ही शाबूत. आजीनं पदरानं माती पुसली. “सुनेचा हात हाय ह्याच्यावर,” म्हणाली. दगडाला भिणाऱ्या त्या गावात तेवढा एक दगड आम्ही उचलून नव्या वसाहतीत आणला.

दहा दिवसांत आम्ही दोन घरांचे पाये आणि काही भिंती उरकल्या. खरं सांगायचं तर गावच्या चार गवंड्यांनी त्याच्या दुप्पट काम केलं असतं. आमच्या ट्रकच्या डिझेलमध्ये त्यांची मजुरी निघाली असती. तरुण पोरं असली सेवा करायला निघतात, तेव्हा मी त्यांना हा हिशेब आधी सांगतो.

दहा वर्षांनी लातूरला काम निघालं, म्हणून वाट वाकडी करून गेलो. रस्ते ऐसपैस, घरं लांब लांब. सिमेंटच्या घराला लागून लोकांनी पुन्हा दगडमातीच्या पडव्या उभ्या केल्या होत्या, गुरांसाठी, सरपणासाठी. आजी नव्हती. नातवानं दार उघडलं आणि कोण म्हणून विचारलं. अंगणात जातं दिसत होतं, त्याला नवा खुंटा बसवलेला.

मी त्याच्याकडे बोट केलं.

“जातं काढणारे व्हय!” तो म्हणाला आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. त्या घरात आमची तेवढीच ओळख उरली होती.