दूरदर्शनचा आवाज टिपणाऱ्या कॅसेटी

व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी पोहोचण्यापूर्वी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम जपून ठेवण्याचा सर्वसामान्यांना परवडणारा एकच मार्ग होता, तो म्हणजे चित्र सोडून देऊन केवळ आवाज टिपणे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यावरून त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. भोर तालुक्यातील शिवरे, नसरापूर ही गावे या मनोऱ्यापासून फार दूर नाहीत; मात्र मध्ये डोंगराचा आडोसा आला की पडद्यावर मुंग्या दिसत आणि आवाजातही खरखर येई.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट या कामी आली. टेपरेकॉर्डर संचाच्या ध्वनिक्षेपकासमोर ठेवला जाई आणि घरातील मंडळींना गप्प बसण्याची ताकीद मिळे. तरीही ‘छायागीत’मधील गाण्यासोबत कुकरची शिट्टी, दाराची कडी आणि कुणाचे तरी खोकणे मुद्रित होईच. अनेक यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. संवाद थांबला की ती पातळी वाढवी, त्यामुळे शांततेच्या जागी पंख्याची घरघर मोठी होऊन ऐकू येई. थेट तार जोडल्यास मुद्रण स्वच्छ होई. परंतु जुन्या संचांपैकी अनेकांचा सांगाडा विजेच्या प्रवाहाशी जोडलेला असल्याने जाणकाराशिवाय ते करणे धोक्याचे होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपे. रविवारचा हिंदी चित्रपट टिपताना बाजू उलटेपर्यंत एखादे वाक्य हमखास निसटे.

या मुद्रणांचे मोल पुढे वाढले, कारण मूळ कार्यक्रमच अनेकदा उरले नाहीत. सुरुवातीच्या काळात पुष्कळसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि चित्रफिती महाग असल्याने जुने पुसून त्यावरच नवे मुद्रण केले जाई. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६०च्या दशकातील अनेक भाग पुसले. हरवलेल्या त्या सर्व भागांचा आवाज मात्र प्रेक्षकांनी घरी केलेल्या मुद्रणांमुळे आज उपलब्ध आहे. मराठी नाट्यप्रवेश, मुलाखती वा काव्यवाचन यांचे असे काही घरच्या माळ्यावर असेल, तर त्याची दुसरी प्रत कोठेच नसण्याची शक्यता आहे.

१९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ व्हिडिओ रेकॉर्डरही, आणि ही पद्धत मागे पडली.

जुन्या कॅसेटीच्या मागील बाजूचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत असल्यास ते आधी मोडावेत, म्हणजे चुकून नवे मुद्रण होत नाही. पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी फीत साफ न करता लावल्यास ती यंत्रही खराब करते. फीत मोकळी करण्यासाठी एकदा पुढे-मागे फिरवून घ्यावी आणि पहिल्याच वादनात संगणकावर उतरवावी. कुकरच्या शिट्ट्या काढून टाकलेली प्रत वेगळी ठेवावी. मूळ मुद्रण आहे तसेच राहू द्यावे.